दोन माणसांच्या मापाचा तंबू

काल तेरवी झाली तुमची. पंगत उठली, पत्रावळी उचलल्या, पाहुणे आपापल्या बंडीनं गेले. पोरगी अन् जावई संध्याकाळच्या आत बाभुळगावले पोहोचाचं म्हणून लवकरच निघाले. "माय, चाल तू बी, एकटी काय करशील?" पोरगी चार वेळा म्हणाली. मी नाही गेली. मले तुमच्याशी बोलायचं होतं, अन् ते दुसऱ्याच्या घरी बसून बोलता येत नाही.

तेरा दिवस लोक तुमच्याबद्दल चांगलंच बोलले. कापसाच्या जीनमधले सारे आले. म्हणे, असा फिटर पुन्हा मिळणार नाही, मशीनचा आवाज ऐकून दुखणं सांगायचा. मी मान हलवत होती. कोणी तंबूचं नाव काढलं नाही. काहून काढंन कोणी? सात वर्षं झाली त्याले, अन् गावाच्या लेखी तो एक जळका कपडा होता. आपल्या दोघाईच्या मधात मात्र सात वर्षं एकच प्रश्न बसून होता: तो तंबू कोणं जाळला? तुमी मले कधी विचारलं नाही. मी तुमाले विचारलं नाही. माझा संशय तुमच्यावर होता, हे आज सरळ सांगते. तुमचा कोणावर होता, ते मले काल समजलं.

मी संशयी आहे हे तुमीच गावभर केलं. दुधात बोट बुडवून पाहते, वाण्याच्या काट्याले टिचकी मारून पाहते. "हिनं लग्नात अंतरपाटाच्या खालून माझे पाय पाहून घेतले, दोन्ही जागेवर आहेत का म्हणून," असं तुमी करीमभाईले सांगतलं होतं, अन् तो बैलबंड्या रंगवणारा माणूस हसता हसता रंगाचा डबा सांडून बसला होता. खोटं नाही ते. पाहिले होते मी पाय.

पण संशय यावा असं वागायचं बी तुमीच. तुमाले अर्धी गोष्ट सांगाची खोड होती. "आज उशीर होईन" म्हणायचं अन् काहून ते सांगायचं नाही. "पाहुणे येऊन राह्यले" म्हणायचं अन् किती ते सांगायचं नाही. उरलेली अर्धी गोष्ट मले माझ्या डोक्यानं भरून काढावी लागे, अन् माझं डोकं कसं, ते तुमाले माहीत होतं.

आपला जिल्हा मुंबईच्या राज्यात गेला, त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात तुमी नाव बांधाले काढली. "राज्य मुंबईचं झालं, तं समुद्राची एखादी वस्तू पायजे न घरी," असं म्हणायचे अन् स्वतःच हसायचे. लग्नाच्या आधी तीन वर्षं मुंबईच्या गोदीत होते तुमी, ते खूळ तिथलं. आता बोरीले समुद्र कुठून आणता? अडाण नदी आहे. पावसाळ्यानंतर काही महिने तिले बरं पाणी राह्यते अन् गावाखाली डोह आहे. तेवढ्यासाठी सागाच्या फळ्या आल्या, डांबर आलं, डोलकाठी आली, शीड आलं. अकरा हात लांब नाव. "फिटरसाहेब, लंकेले चालले का?" लोक विचारायचे, अन् तुमी म्हणायचे, "पहिले बायकोले विचारतो." मले असा राग यायचा! विचारलं तं काहीच नव्हतं.

नाव पाण्यात पडली अन् तुमचे रविवार नदीवर जाऊ लागले. एका रविवारी तुमी सीताफळं आणली, आरशे लावलेल्या फडक्यात बांधून.

"कोणं देल्ली?"

"सोनाबाईनं."

"कोण सोनाबाई?"

"पलीकडच्या तांड्यावरची. तिच्या बंडीचा आख नीट करून देल्ला."

अन् आंघोळीले गेले. झालं! मी आठ दिवस जेवण गिळून काढलं. मंग एका सकाळी ते फडकं परत कराच्या निमित्तानं दूरच्या पुलावरून फेरा मारून मी स्वतःच तांड्यावर गेली. सोनाबाई निघाली सत्तरीची. तोंडात दात नाही, कमरेत बाक. सारा तांडा तिले याडी म्हणत होता, म्हणजे माय. तिनं मले खाटेवर बसवलं, पदरात शेंगा टाकल्या अन् माझ्या तोंडावरून हात फिरवला. मी घरी येऊन तुमाले काही सांगतलं नाही. तुमाले तिनं सांगतलं असंनच, कारण त्या दिवशी तुमी जेवताना उगाच हसत होते.

तंबूचं निघालं ते दसऱ्यानंतर. जीन सुरू व्हाले अजून वेळ होता, तुमाले तथी सकाळचंच काय ते मशीनदुरुस्तीचं काम.

"अवो, एक तंबू शिवून देशील का?"

"कायले?"

"नावेवर टाकाले. शिडाच्या खाली ती आडवी काठी असते न, शीड उतरवलं का ती मोकळी. तिच्यावरून कपडा टाकायचा, दोन्हीकडून खाली नावेच्या काठाले बांधायचा. झालं घर. दोन-तीन दिवस नदीवरच राह्यचं, तथीच झोपायचं."

"घर आहे न आपल्याले. वर कवेलू आहेत, भिंती आहेत, दार बी आहे."

"त्याले खालून पाणी नाही न."

तुमी अंगणात कोळशानं नाव काढली. मी बाजूले बसून मापं ध्यानात ठेवून राह्यली. लांबी झाली, उंची झाली. रुंदी सांगतली अन् मी तुमच्याकडे पाहिलं. एका माणसाले येवढी जागा कायले पायजे?

"दोन माणसं झोपतील येवढा कर," तुमी म्हटलं.

"दुसरं कोण?"

तुमी कोळसा खाली ठेवला, हात धोतराले पुसले, मंग म्हटलं, "तू चाल न."

मले वाटलं, हे आता सुचलं. मी विचारलं म्हणून सुचलं. आधी मनात असतं तं आधीच नसतं म्हटलं? मी पाण्याले भेते, गुडघ्याच्या वर पाणी आलं का मले घेरी येते, हे तुमाले लग्नापासून माहीत. ही काही हो म्हणत नाही, अशी खात्री होती तुमाले. माझं तोंड बंद कराले म्हटलं तुमी, असं मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. अन् म्हणूनच मी म्हटलं, "येईन."

तुमचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. खुश झाले का फसले, ते मले तेव्हा समजलं नाही.

मांजरपाटाचा तागा आला. पहिल्याच दिवशी भांडण. तुमी म्हटलं अकरा हात, मी कापड माझ्या हातानं मोजलं. मंग मले शंका आली, का नाव तं तुमच्या हातानं मोजली असंन. सुतळी घेऊन नदीवर गेली, काठावरूनच नाव मोजली, गाठी मारल्या. घरी येऊन पाहते तं एका हाताचा फरक! कैची लावली असती तं नावेचं एक टोक उघडं पडलं असतं. "पाहा, संशय कामी येते का नाही?" मी म्हटलं. तुमी दोन्ही हात जोडले मले.

मंग चार दुपारा आपण शिवण केली. मी मशीनवर, अन् कापड जाड म्हणून चाक फिरवाले तुमी. दोन पन्हे जोडताना दोन्ही काठ एकमेकात दुमडायचे अन् वरून दोनदा टीप मारायची, का शिवणीतून पाणी आत येऊ नये. जिथं काठी घासणार तिथं कापड दुहेरी. खालच्या काठाले हातहातभर अंतरावर बंद. धाग्याले मेण लावून देत होते तुमी, अन् बोलत होते. गोदीतल्या कोकणी खलाशाचं सांगतलं, जो झोपताना पाय नावेच्या बाहेर काढून झोपे. पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा तुमी रडले होते, ते बी सांगतलं. पंधरा वर्षांच्या संसारात तुमी मले पुरी गोष्ट सांगतली ती त्याच चार दुपारी. मी सुई पाहत होती, पण ऐकत होती हो सारं. लय बरं वाटलं होतं मले. येवढं बरं वाटलं, का त्याचाच संशय येऊ लागला.

"डोक्याकडं एक झरोका ठेव," तुमी म्हटलं. "झोपल्या झोपल्या पाणी दिसलं पायजे."

"कोणाले?"

"ज्याले पाहाचं त्याले."

पुन्हा अर्धंच! पण झरोका मी ठेवला. त्याले झाकण शिवलं, दोन बंद लावले, आतून बांधता येतील असे.

करीमभाईनं शिजवलेलं जवसाचं तेल देल्लं. आपण दोघाईनं कडुलिंबाखाली दोरीवर तंबू टाकून कुंचल्यानं तेल लावलं. पाणी लागलं का घरंगळून जाईन, म्हणे. काम झाल्यावर तुमी मले येवढंच सांगतलं, "तीन दिवस वाळू दे." दुसरं काही नाही. पाहा आठवून.

शनिवारी निघायचं ठरलं होतं. गुरुवारी सकाळी मी अंगणात आली तं तुमी वल्ह्याले कानस मारून राह्यले होते, अन् मले पाहून ते भिंतीआड ठेवलं. काहून ठेवलं? मी म्हटलं, हा माणूस उद्याच निघते. मले न सांगता, एकटा. शनिवारी मी तयार होऊन बसंन अन् हे नदीवर पोहोचलेले असतीन.

तुमी जीनमध्ये गेल्याबरोबर मी तंबू दोरीवरून काढला. वरून वाळला होता, हाताले जरासा चिकटत होता. त्याची आठपदरी घडी केली. मधात कागदात गुंडाळून माझं दसऱ्याचं हिरवं लुगडं ठेवलं. वरून कापसाची गादी गुंडाळली अन् दोरीनं असं करकचून बांधलं, का तुमच्याच्यानं सुटू नये. टिनाच्या खोलीत सरकीच्या पोत्यामागं ठेवून देल्लं. आता तंबू न्यायचा तं गाठोडं न्यावं लागंन, अन् गाठोड्यात माझं लुगडं आहे, तं मले बी न्यावं लागंन. असा माझा हिशोब.

संध्याकाळी तुमी विचारलं, "तंबू काढला?"

"काढला."

"वाळला?"

"वाळला."

"बरं," तुमी म्हटलं. कुठं ठेवला ते तुमी विचारलं नाही, मी सांगतलं नाही.

शुक्रवारी दहाच्या सुमाराले तुमी मोठी कानस न्याले घरी आले. टिनाच्या खोलीत गेले. तोंडात बिडी. मी चुलीजोळून पाहिलं, एक कानस घ्याले जेवढा वेळ लागते त्याच्याहून जास्तच वेळ तुमी आत होते. निघून गेले. आश्विनातलं ते ऊन, वर टिनपत्रा. बाराचा भोंगा व्हाच्या आधी मले वास आला, कढईत तेल जळल्यावर येते तसा. धावली. सरकीच्या पोत्यामागून धूर. गाठोडं दोरीनं ओढत अंगणात आणलं, दोन घागरी पाणी ओतलं. गादी वरून नुसती काळी पडली होती, अन् आत निखारा. वरून कमी, आतून जास्त. डोळ्यानं पाहिलं हो मी ते! पण मले तं आधीच माहीत होतं न, कोणं केलं ते. मंग कायले विचार करते मी?

मी म्हटलं, आता हे येतील, लुगडं पाहतील. पाहतील का ही बाई दोन दिवस आधीपासून गाठोडं बांधून तयार होती. ज्याले मले न्यायचंच नव्हतं, त्याच्यासमोर माझी अशी फजिती? जळकं लुगडं अन् गादीच्या चिंध्या मी उकिरड्यात नेऊन गाडल्या. वरून शेण टाकलं.

तुमी आले. अंगणात तंबूचे कोपरे तेवढे उरले होते, बंद लावलेले.

"जळला?"

"जळला."

तुमी पायानं राख हलवली. मंग माझ्या हाताकडे पाहिलं. माझे हात कोपरापर्यंत काळे होते. बराच वेळ पाहिलं, अन् म्हटलं, "वाढ."

मी वाढलं. तुमी दोन भाकरी खाल्ल्या. येवढं सामान जळल्यावर ज्याच्या घशाखाली भाकर उतरते, त्यानंच आग लावली असंन, असं मी मनात म्हटलं. मी बी खाल्ली होती भाकर, ते ध्यानात नाही आलं.

त्या दिवाळीच्या आधीच तुमी नाव पलीकडच्या तांड्याले देऊन टाकली, लोकाईले नेण्या-आणण्यासाठी. नदीचं नाव घेतलं नाही पुन्हा. अन् काडेपेटी उंच फळीवर ठेवाले लागले. मले हात पुरत नव्हता, दरवेळी तुमाले मागावी लागे. मी म्हटलं, पाहा, चोराच्या मनात चांदणं! दुसरं काहून ठेवतीन वर?

काल पंगत उठल्यावर करीमभाई एकटाच ओट्यावर बसून राह्यला. मी पाणी नेऊन देल्लं. त्यानं पाणी पेलं, भांडं हातातच फिरवत राह्यला.

"भाभी, एक बात विचारू का? गुस्सा नका करू."

"विचारा."

"तुमी वो तंबू काहून जाळला?"

"मी? मी जाळला?"

"वामनभाऊनं मले सांगतलं होतं. बोलला, शेवंताले नव्हतं यायचं. पाण्याले भेते ते. माझ्या मनासाठी हो म्हणून बसली, मंग निभेना, तं जाळून टाकला. मी बोललो, अरे विचार न तिले. तं बोलला, नको, तिले लाज वाटंन. चुकी माझीच हाये, म्हणे. नाव बांधाले काढली तेव्हापासून माझ्या मनात होतं का तिले घेऊन जाईन, पण मीच तिले पहिले विचारलं नाही."

मी त्याच्यावर चिडली हो. तुमच्यावर चिडायचं ते त्याच्यावर. "अन् बिडी घेऊन टिनाच्या खोलीत कोण गेलतं? त्यानं नाही सांगतलं ते?"

करीमभाईनं भांडं फिरवणं थांबवलं. "टिनाच्या खोलीत? तंबू तं बाहेर टांगेल होता न?"

"मी काढला होता. दुसऱ्या दिवशी."

"घडी केली?"

"आठपदरी."

"वरून काही गुंडाळलं?"

"कापसाची गादी."

त्यानं भांडं खाली ठेवलं अन् दोन्ही हात डोक्याले लावले. "या अल्ला! भाभी, शिजवलेलं जवसाचं तेल लावेल कपडा घडी करून दाबला का आपल्या आपणच तापते. पेटते तो. काडी नाही लागत, बिडी नाही लागत. मी माझे हात पुसाचे फडके बी पाण्यात टाकून मंग घरी जातो. वामनभाऊले मी तीन बार बोललो, घडी नको करू, घडी नको करू."

"मले तं 'वाळू दे' येवढंच सांगतलं."

तुमी समोर असते न, तं आमी दोघाईनं मिळून तुमाले असं झाडलं असतं का बस.

पण मी मीच आहे. रात्रभर मनात आलं, हा भला माणूस मले समजवाले तं नाही न बोलला? नवरा गेला, बाईच्या मनाले लागू नये म्हणून? सकाळी उठली अन् त्याच्या दुकानातून तेल मागून आणलं. जुन्या मांजरपाटाचे तुकडे बुडवले, पिळले, जरा वाळू देल्ले, आठपदरी घडी केली, कापसात गुंडाळून रिकाम्या डब्यात दाबले. डबा उन्हात पत्र्यावर ठेवला अन् शिडीजोळ राखण बसली. शेजारीण विचारे, "काय वाळू घातलं?" मी म्हटलं, "काही नाही."

दुपार कलली तेव्हा वास आला. तोच वास. फडक्यात धरून डबा खाली आणला, झाकण काढलं. कापूस वरून पांढराच होता. बोटानं बाजूले केला तं आतून धूर आला अन् बोट भाजलं. मी पाणी ओतलं अन् तथीच अंगणात मातीत बसली. तेरा दिवसात रडली नव्हती तशी रडली.

तं असं आहे. बिडी तुमची नव्हती. काडी माझी नव्हती. मी तुमाले सात वर्षं चोर समजली अन् तुमी मले, अन् तरी तुमी माझ्यासंग गोड बोलले. तापात माझे पाय चेपले. भर बाजारात माझी बाजू घेतली. मी केलं असं समजून बी माझं नाव कोणाले सांगतलं नाही, करीमभाईशिवाय. त्याच्यापाशी बी दोष स्वतःकडेच घेतला. हे माझ्याच्यानं झालं नसतं. मी मनातल्या मनात तुमाले रोज फाशी देत होती. त्याची माफी मागते, हात जोडून मागते.

पण राग बी आहे, तो कुठं ठेवू? एकदा विचारायचं होतं हो! ओरडायचं होतं माझ्यावर. "काहून जाळला?" येवढे दोन शब्द बोलले असते, तं मी उकिरडा उकरून लुगडं दाखवलं असतं तुमाले. त्याच दिवशी मिटलं असतं. दुसरा तागा आणला असता, पुन्हा शिवला असता. मले लाज वाटंन म्हणून गप्प राह्यले तुमी, अन् मी माझी फजिती होईन म्हणून.

पाण्याले मी भेते, ते खरंच आहे. अजून भेते. पण ते गाठोडं मी उगाच नाही बांधलं. तुमी एकटे जाल म्हणून बांधलं, हे मी आताच सांगतलं, ते अर्धंच आहे. घडी करताना मी तो झरोका उघडून पाहिला होता. खाली चटई टाकून, तंबू अंगावर घेऊन, दार लावून, इथंच घरात. झोपल्या झोपल्या पाणी कसं दिसंन ते पाहत होती. शनिवारपर्यंत धीर नव्हता मले.

तुमी हे समजून गेले का शेवंताले यायचं नव्हतं. मले यायचं होतं.